फायबरच्या जुन्या बोटीतलं लाकूड पुन्हा पुन्हा कुजतंय? आधी भोक शोधा

आमच्या घरच्या बोटीचा ट्रान्सम, म्हणजे मोटर जिथे लटकते तो मागचा उभा फळा, मी तीन वेळा दुरुस्त केलाय. पहिली दुरुस्ती एक पावसाळाही टिकली नाही. दुसरी चार वर्षं टिकली. तिसरी अजून धडधाकट आहे. मधल्या काळात ओळखीपाळखीच्या सहा-सात बोटींचं हेच दुखणं निस्तरलं. बोट वेगळी, मालक वेगळा, पण बोलण्याची सुरुवात ठरलेली: "अहो, फायबरची बोट आहे, ती कुजेल कशी?"

फायबर कुजत नाही, खरंय. पण जुन्या बोटींपैकी बहुतेकींच्या पोटात लाकूड असतं. ट्रान्सममध्ये प्लायवूड, तळाशी लांबीच्या दिशेने गेलेले वासे म्हणजे स्ट्रिंगर, आणि डेकमध्ये फायबरच्या दोन थरांच्या मधोमध प्लाय किंवा बाल्सा नावाचं हलकं लाकूड. वरून कीर्तन, आतून तमाशा. बाहेर जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत रंगीत थर, चकचकतो आणि आत लाकडाचा चिखल झालेला असतो.

बुरशीला चार गोष्टी लागतात: लाकूड, हवा, ऊब आणि ओल. पहिल्या तीन बोटीत कायमच्याच. आपल्या हातात फक्त ओल. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. पण फायबरने मढवलेल्या लाकडात एकदा पाणी शिरलं की ते अडकतं. स्क्रूच्या भोकातून आत गेलेलं पाणी त्याच भोकातून वाफ होऊन परत येईल, ही आशा सोडा. आणि हे पाणी पुष्कळदा समुद्राचं नसतंच, पावसाचं असतं. खाऱ्या पाण्यात ही बुरशी तितकी फोफावत नाही. ताडपत्रीच्या खळग्यात साठून थेंब थेंब गळणारं गोडं पाणी मात्र तिला छान मानवतं. म्हणूनच "दोन वर्षं बाहेर काढलीच नाही, नीट झाकून ठेवली होती" असं कोणी सांगितलं की मी मनातल्या मनात पटाशीला धार लावायला घेतो.

लक्षणं

डेकवर एका ठरावीक जागी पाय किंचित दबतो आणि उचलला की ती जागा परत वर येते. सीटचा किंवा कड्याचा स्क्रू आवळायला जावं तर तो नुसताच फिरत राहतो. बोट पाण्याबाहेर काढून आठवडा झाला तरी साचलेलं पाणी सोडायच्या बुचाच्या भोकाच्या कडेने किंवा एखाद्या स्क्रूखालून कोऱ्या चहासारखं तपकिरी पाणी झिरपतं. मोटरच्या बोल्टांचे वॉशर फायबरमध्ये रुतलेले दिसतात. बोट पाण्यात पूर्वीपेक्षा मागून जास्त बसते, तीच मोटर असून वेग पकडत नाही. आणि वास. जुन्या ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट. तो एकदा नाकात बसला की पुढच्या बोटीवर चढायच्या आधीच कळतं.

केसासारख्या बारीक भेगांवरून मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. जेलकोट मुळात जाड चढला असेल तर तो वयाने असाच तडकतो. भेगा ट्रान्समच्या वरच्या कोपऱ्यांतून तिरक्या खाली उतरत असतील किंवा मोटरच्या बोल्टांभोवती जमल्या असतील, तरच संशय घ्या.

फुकटातल्या तपासण्या

आधी बोट रिकामी करा, बूच काढा, नाळेकडची, म्हणजे पुढची, बाजू उंच ठेवा आणि चार कोरडे दिवस जाऊ द्या. यात तपासणी ती काय, असं वाटेल. पण कालच्या पावसाचं पाणी आणि लाकडात मुरलेलं पाणी यातला फरक नुसत्या थांबण्याने कळतो. चार दिवसांनंतरही पाझर चालू असेल तर ते पाणी आतून येतंय.

मग अनवाणी चाला. बुटांतून काही कळत नाही. टाचेवर वजन टाकत, वीतभर वीतभर सरकत सगळं डेक तुडवा आणि जिथे दबेल तिथे खडूने खूण करा. कुजकी जागा बहुतेक वेळा एखाद्या भोकाभोवती असते, म्हणून खुणांच्या मधोमध काय बसवलंय ते बघा. सीटचा पाया? दोर बांधायचा खुंटा? ते लिहून ठेवा. कुजलेल्या जागेपेक्षा ही यादी जास्त मोलाची आहे, पुढे कळेल.

त्यानंतर ठोकून ऐका. मडकं वाजवून घेतात तसं. स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ पुरे, हातोडी नको. चांगल्या जागी टणक, स्वच्छ आवाज येतो. कुजलेल्या किंवा थर सुटलेल्या जागी बद्द येतो. कान तयार व्हायला पाच मिनिटं लागतात. आधी जिथे लाकूड नक्की चांगलं आहे, उदाहरणार्थ ट्रान्समच्या वरच्या भागात बोल्टांपासून दूर, तिथे ठोका आणि मग खाली खाली या. पाणी तळाशी बसतं, म्हणून कूजही खालून वर चढते. मात्र ज्या बोटीत लाकूड पूर्ण भिजलंय पण अजून कुजलेलं नाही, तिथे आवाज फसवतो. म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका.

बुचाच्या भोकात करंगळी घाला. पितळी नळी असेल तर ती आधी काढा. ट्रान्समच्या सगळ्यात खालच्या, सगळ्यात ओल्या जागी कारखान्याने स्वतःच पाडलेलं हे भोक आहे आणि कित्येक बोटींत आतली लाकडाची कड उघडीच सोडलेली असते. नखाने खरवडा. टणक लागलं तर बरं. नखात काळपट लगदा आला तर पुढच्या तपासण्या केल्याशिवाय बोट पाण्यात नेऊ नका.

आता मोटरची तपासणी, आणि ही दोघांनी करायची. मोटर वर उचलून ठेवा, तिचा आधाराचा दांडा काढा. एकाने मोटरचं खालचं टोक धरून हलक्या हाताने वर-खाली दाबायचं. दुसऱ्याने ट्रान्समच्या वरच्या कडेला सरळ लोखंडी पट्टी लावून तिच्यामागची फट बघायची. इथे लोक हमखास चुकतात. मोटरच्या ब्रॅकेटमध्ये थोडा खुळखुळा असतोच, तो ट्रान्समचा दोष नाही. नजर मोटरवर नको, फळ्यावर हवी. फळा श्वास घेतल्यासारखा पुढे-मागे होत असेल तर ती बोट पाण्यात नेऊ नका. फार तर मोटर पडेल, असं वाटत असेल तर ते चूक आहे. मोटर पडताना मागचा भाग फाडून नेते, आणि तिथूनच पाणी आत येतं.

थोडं भोक पाडावं लागेल

ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर वापरा, पण भिंग लावून आकडे वाचू नका. ही यंत्रं लाकडासाठी जुळवलेली असतात. फायबरवरून घेतलेला आकडा हा टक्के नसतो, फक्त तुलना असते. बोटीच्या एका चांगल्या जागेचा आकडा घ्या आणि बाकीच्या जागा त्याच्याशी ताडून बघा. मागे धातूची पट्टी, पाण्याची टाकी किंवा मिठाचा थर असेल तर यंत्र उगाच ओरडतं.

खरा निकाल गिरमिटाचा. ६ मिलिमीटरचं पातं, त्यावर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण, आणि भोक नेहमी आतल्या बाजूने. बाहेरचं फायबर फुटता कामा नये, कारण तेच पाण्याला लागून आहे. ट्रान्समची एकूण जाडी बुचाच्या भोकात मोजता येते. त्यातून ८-१० मिलिमीटर वजा करून खूण करा. पहिलं भोक तळाशी मधोमध, मग दोन्ही खालचे कोपरे, मग मोटरच्या बोल्टांच्या खाली. वेग कमी ठेवा आणि प्रत्येक भोकाचा भुसा वेगळ्या कागदावर घ्या.

कोरडा, फिकट, कुरकुरीत छिलका आला तर तिथलं लाकूड चांगलं. गडद पण टणक, पिळल्यावर बोटं ओली करणारा आला तर लाकूड भिजलंय. अजून वाचू शकतं. आणि पातं लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं, सर्पिलाला कॉफीच्या गाळासारखं काहीतरी चिकटून आलं, तर संपलं. आमच्या बोटीत तळाच्या भोकातून आधी भुसा आलाच नाही. पातं बाहेर काढलं आणि मागोमाग पाण्याची धार लागली, पेन्सिलीएवढी. वाटीभर पाणी निघालं. मी आणि भाऊ एकमेकांकडे बघत राहिलो. त्या ट्रान्समवर आदल्या महिन्यात आम्ही पोरांना घेऊन फिरून आलो होतो.

स्ट्रिंगरनाही अशीच भोकं, वरून आणि तळालगत. डेकखाली फोम भरलेला असेल तर तोही बघा: डेकला मोठं गोल भोक पाडून तळापर्यंतचा नमुना काढायचा. वरचा कोरडा दिसेल, त्यावर जाऊ नका. हा पॉलियुरेथेन फोम बंद कप्प्यांचा असतो, पाणी पीत नाही, असं म्हणतात. वर्षानुवर्षं पाण्यात बुडून राहिला की पितो. कोरडा असताना एका घनमीटरचं वजन ३२ किलोच्या आसपास. भिजलेला फोम चौकोन कापून हातात घेतला की बोट जड का झाली ते तराजूशिवाय कळतं. तो आत ठेवून वरचं लाकूड बदललंत तर नवं लाकूड ओल्या गादीवर निजवल्यासारखं होईल.

डेक कापायच्या आधी एक गोष्ट. पेट्रोलची टाकी, तिची नळी आणि वायरी कुठून गेल्यात हे माहीत असल्याशिवाय पातं लावायचं नाही. पातं खोलीला बांधून ठेवायचं. यात घाई केलेला एक जण मला माहीत आहे. त्याचं नशीब म्हणून फक्त स्टिअरिंगची केबल कापली गेली.

जे उपाय चालले नाहीत

पहिल्या वेळी मी सगळे करतात तेच केलं. कुजलेल्या ट्रान्सममध्ये चौदा भोकं पाडली आणि इंजेक्शनने पातळ इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन, भरलं. वरून ठणठणीत झाला. नंतर उघडला तेव्हा आत काय झालं होतं ते दिसलं: रेझिन जिथे मोकळी वाट मिळाली तिथून उतरलं आणि मधल्या ओल्या लगद्याला त्याने नुसतं वेढलं. ओल्या लाकडात इपॉक्सी मुरत नाही. उलट मी आतलं पाणी पक्कं बंद करून ठेवलं होतं. हा उपाय चालतो, पण फक्त एखाद्या भोकाभोवतीच्या रुपयाएवढ्या जागेसाठी, तीही आधी पूर्ण कोरून आणि वाळवून. बोरेटची औषधं बुरशी मारतात, हेही खरं. पण मेलेल्या लाकडाला ताकद परत देत नाहीत.

दुसऱ्या वेळी मी सगळं नियमाने केलं. कुजलेलं सगळं काढलं, नवं प्लाय, नवं फायबर. चार वर्षांनी तोच डावा खालचा कोपरा मऊ. त्या कोपऱ्यापासून हातभर वर आतल्या बाजूला एक पितळी आकडा होता, पाणी उपसायचा डबा अडकवायला बाबांनी लावलेला. दोन छोटे स्क्रू. दोन्ही वेळा मी तो आठवणीने काढून, घासूनपुसून, त्याच जागी, तसाच कोरड्या स्क्रूंनी परत लावला होता. नवं लाकूड घालायच्या नादात जुनं भोक मीच परत पाडलं.

म्हणून वर म्हटलं, भोकांची यादी जास्त मोलाची. लाकूड बदलणं ही निम्मीच दुरुस्ती.

जे टिकलं

डेकचा तुकडा असेल तर वरचं कातडं कापताना कडेला ५० ते ७५ मिलिमीटरची पट्टी सोडा, नवं फायबर जोडायला ती लागते. कुजकं काढून त्याच्याही पुढे जा, चारी बाजूंनी टणक कोरडं लाकूड लागेपर्यंत. मग वाळू द्या. पंखा, ऊन, आठवडे. इथे सगळ्यांचा धीर सुटतो.

ट्रान्सम मी आतून उघडतो, म्हणजे बाहेरचं रूप शाबूत राहतं. कापण्याआधी तीन मापं लिहून ठेवा: जाडी, उंची आणि कल. मोटरच्या दांड्याची लांबी ट्रान्समच्या उंचीशी जुळवलेली असते, साधारण ३८१ किंवा ५०८ मिलिमीटर. नवा फळा दोन बोटं उंच झाला तर मोटरचा पंखा हवेत फिरेल. पुठ्ठ्याचा नमुना कापून आधी बसवून बघा.

प्लाय मरीनच घ्या, बीएस १०८८ या ब्रिटिश मानकाच्या दर्जाचं. पण मरीन म्हणजे न कुजणारं, असं समजू नका. त्याचा डिंक पाण्याला टिकतो आणि आत पोकळ्या नसतात, एवढंच. हे प्लाय ज्यापासून बनतं ते ओकूमेसारखं लाकूड स्वतः बुरशीला सहज बळी पडतं. म्हणून प्रत्येक कड, प्रत्येक काप आधी पातळ इपॉक्सीने पाजायचा, पिणं थांबेपर्यंत. १८ मिलिमीटरचे दोन थर, मध्ये घट्ट केलेलं इपॉक्सी दातेरी थापीने पसरून. शिकंजे जीव खाऊन आवळू नका. सगळा लगदा बाहेर आला तर आत चिकटायला उरणार काय? कडांतून बारीक ओघळ आला की थांबा.

जुनं फायबर पॉलिएस्टर रेझिनचं असलं तरी मी इपॉक्सीच वापरतो, कारण जुन्या थरावर आणि लाकडावर त्याची पकड चांगली. उलटं चालत नाही: वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर किंवा जेलकोट नीट धरत नाही, म्हणून शेवटी रंगच द्यावा लागतो. साधी मॅट, म्हणजे तुटक धाग्यांची फायबरची चटई, तीही इपॉक्सीबरोबर नको. तिच्या धाग्यांना बांधणारा पदार्थ बहुधा पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रवात विरघळणारा असतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतं. शिवलेलं कापड घ्या. सांध्याला उतार १ ला १२, म्हणजे ३ मिलिमीटर जाडीला ३६ मिलिमीटर. वाळल्यावर वर मेणचट थर येतो, तो आधी पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुवा, मगच पॉलिश पेपर. नाहीतर तो थर घासून आत बसतो. कालवलेलं इपॉक्सी मगमध्ये साठवून ठेवू नका, तापून धूर येतो. पसरट ताटात ओता.

फायबर घासताना धुळीचा मास्क नव्हे, गाळणीचा मास्क. पूर्ण बाह्या. एकदा हयगय केलीत तर रात्रभर खाजवत बसाल.

आणि आता भोकं. १० मिलिमीटरचा बोल्ट असेल तर भोक १६ चं पाडा, मागून पट्टी लावा, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा, वाळू द्या, मग त्याच्या मधोमध १० चं पाडा. आता बोल्ट लाकडाला कुठेच शिवत नाही. सील गळलं तरी पाणी प्लास्टिकच्या नळीत अडतं. भोकाची तोंडाची कड किंचित खोलगट घासा म्हणजे सीलंटची कडी तिथे बसते. सीलंट पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड. सिलिकॉन नको, त्यावर पुढे काहीच चिकटत नाही. बुचाच्या भोकालाही हीच रीत. यादीतलं एकही भोक सोडू नका, स्क्रूएवढंसुद्धा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

मोटर बोटीच्या आत बसवलेली असेल आणि तिचा भार स्ट्रिंगरवर किंवा ट्रान्समवर असेल, तर मी हात लावत नाही. तिथे दोन मिलिमीटरचा फरकही शाफ्ट खाऊन टाकतो. पेट्रोलचा वास येतोय आणि टाकी डेकखाली पुरलेली आहे: काहीही कापू नका. दोन किंवा जास्त स्ट्रिंगर लांबीभर कुजले असतील तर तळाचा आकार कशाच्या आधारावर उभा आहे ते आधी कोणी तरी बघायला हवं. आधार न देता सगळे एकदम काढले की तळ बाक घेतो आणि तो बाक कायमचा राहतो. बाहेरच्या तळाला पट्टी लावल्यावर लाट दिसते, किंवा तळाचं फायबरच तडकलंय, तरीही थांबा. अशा वेळी बोटी तपासणारा सर्व्हेयर बोलवा, आणि दुरुस्ती करणाऱ्यालाच सर्व्हेयर करू नका.

डेक, स्ट्रिंगर, ट्रान्सम, फोम सगळंच गेलं असेल तर ती दुरुस्ती नाही, नवी बोट बांधणं आहे. करावं की नाही हे घरात बसून ठरवा, हातात ग्राइंडर घेऊन नाही. काढलेल्या फोमच्या जागी नवा भरल्याशिवाय मात्र बोट पाण्यात घालू नका. पाणी भरलं तर तिला तरंगतं ठेवायचं काम तोच करतो.

आमच्या बोटीत बाबांचा आकडा अजून आहे. आता तो इपॉक्सीने चिकटवलेल्या फायबरच्या ठोकळ्यावर बसवलाय, स्क्रू ठोकळ्यातच संपतात. दर हंगामाआधी बूच काढून करंगळी घालतो आणि नखाने खरवडतो. यंदा नखात फक्त धूळ आली.